गाडीला डोळे आहेत, गाडीवाल्याला नाव नाही

डमडममध्ये आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेसातच्या सुमारास शिट्टी वाजते. तीन चाकी व्हॅनरिक्षा, तिच्यावर दोन पिंपं, आणि ती रेटत आणणारा माणूस. शेजारी म्हणतात, "मोयलार गाडी." आम्ही पुण्याचे, आमच्या तोंडी घंटागाडीच. शिट्टी ऐकली की माझी चार वर्षांची लेक हातातलं बिस्किट टाकून गॅलरीच्या जाळीला चिकटते आणि ओरडते, "आई, ट्रक आला!"

हा ट्रक तिच्या डोक्यात शिरला तो एका कार्टूनमधून. नेटफ्लिक्सवर २०२० साली ‘ट्रॅश ट्रक’ नावाची मालिका आली. मॅक्स कीन या अमेरिकी कलावंताने ती केली, आपल्या मुलाला कचऱ्याच्या गाड्यांचं वेड होतं म्हणून. सहा वर्षांचा हँक आणि त्याचा जिवलग मित्र, म्हणजे कचऱ्याची एक अवाढव्य गाडी. गाडी बोलत नाही, फक्त भोंगा वाजवते. सोबत एक अस्वल, एक रॅकून, एक उंदीर. कुणी कुणाला मारत नाही. कुणी दुष्ट नाही. काहीतरी हरवतं, कुणीतरी रुसतं, आणि पंधरा मिनिटांच्या आत सगळं जागेवर येतं. माझी लेक ही मालिका शांत बसून बघते. मला ती मनापासून आवडते हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिला झोडपण्यासाठी नाही.

कचऱ्याच्या गाडीला मित्र मानणारी गोष्ट पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी आई पुण्यात कागद, काच, पत्रा वेचायची. पुढे दारोदार जाऊन कचरा गोळा करायला लागली. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आज केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, बदली होऊन इथे आले. आमच्या वाट्याला आलेल्या कुठल्याही गोष्टीत कचऱ्याची गाडी कुणाची मैत्रीण नव्हती.

मग दहाएक भाग पाहिल्यावर लक्षात आलं, की या गाडीला चालवणारा कुणी नाही. गाडी आपली आपण येते, आपली आपण जाते. पिंप उचलणारा हात नाही. गाडीला मोठे डोळे आहेत, पण ती रोज हाकणारं माणूस चौकटीत नाही. आणि चौकटीबाहेर कोण राहतं, हे आपल्याला शिकवायला लागत नाही.

जिन्याखालची बाटली

गेल्या वैशाखातली गोष्ट. कोलकात्याचा उकाडा म्हणजे अंगावर ओला टॉवेल गुंडाळल्यासारखा. मी डबा रिकामा करायला खाली उतरले, लेक मागे. तिच्या गळ्यात तिची पाण्याची बाटली. गाडीवाले दादा घामाने निथळत होते. तिने बाटली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. तिच्या कार्टूनमध्ये तेच करतात, जवळचं वाटून घेतात.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि तोंडाशी नेली. वरून पाणी ओतायचं, बाटलीला हात लागू द्यायचा नाही, ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय. लेकीला काही कळेना. ती बाटलीच त्यांच्या ओंजळीत ठेवायला बघत होती.

तेवढ्यात जिन्यावरून एक बौदी उतरल्या. प्रेमळ बाई. माझ्या मुलीला तापात रात्री दीड वाजता थर्मामीटर आणून देणारी. अगदी गोड आवाजात त्या म्हणाल्या, "ना ना, शोना, ती तुझी बाटली. काकूसाठी वेगळी आहे ना." बंगालीत काकू म्हणजे काका. आणि जिन्याखालून शीतपेयाची एक जुनी प्लॅस्टिकची बाटली काढून त्यांनी दादांच्या हातात दिली. कुणी आवाज चढवला नाही. कुणाचा अपमान झाल्यासारखं दिसलं नाही. सगळं इतकं मऊ होतं, की माझ्या लेकीला वाटलं असेल, ही वाटून घेण्याचीच एक पद्धत.

मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला क्षणभर हायसं वाटलं, की मला काही बोलावं लागलं नाही. बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही कोण? इथे आमच्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. ती सोय मी गेली पाच वर्षं वापरते आहे. पहिल्या पिढीतल्या किती पदवीधरांना ही सोय माहीत आहे, हे मला विचारायची गरज नाही.

बंगालमध्ये जात नाही, असं इथले सुशिक्षित लोक वारंवार सांगतात. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर १९४६ साली बाबासाहेब याच बंगालमधून संविधान सभेत निवडून गेले, हे मात्र मी ऑफिसात सांगितलं तेव्हा निम्म्यांना नवीन होतं.

याच गावात मागितलेलं पाणी

आणि डमडमला तर पाण्याचा इतिहासच आहे. जानेवारी १८५७. इथल्या दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने नकार दिला, लोटा बाटेल म्हणून. खलाशी म्हणाला, थांब थोडा, गाई-डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडायला लागलास की तुझी जात कुठे राहते बघू. ही बातमी छावण्यांत पसरली. कॅप्टन राइट नावाच्या अधिकाऱ्याने त्याच महिन्यात ती वर कळवली.

शाळेच्या पुस्तकात ही काडतुसांची गोष्ट म्हणून येते. ती मुळात पाण्याची गोष्ट आहे. एका तहानेल्या माणसाने पाणी मागितलं आणि त्याला ते मिळालं नाही. त्या अधिकाऱ्याच्या अहवालात या माणसाचं काम आहे, नाव नाही. पुढे उत्तर भारतातल्या दलित लोकपरंपरेने त्याला मातादीन भंगी म्हणून आपल्या इतिहासात जागा दिली. नाव द्यायचं काम त्याच्या लोकांना करावं लागलं.

तेव्हाचा शिपाई निदान तोंडावर नाही म्हणाला. दीडशेहून जास्त वर्षांनी त्याच गावात ‘नाही’ इतकं गोड झालंय, की ते चार वर्षांच्या मुलीच्या कार्टूनमध्ये सहज खपून जाईल. म्हणूनच मला या मवाळ गोष्टींच्या रीतींकडे नीट बघावंसं वाटलं.

मवाळ गोष्टीच्या रीती

शाळेआधीच्या मुलांसाठीच्या या मालिकांची एक घडण ठरलेली असते. जग लहान असतं, एक गल्ली, एक बाग, पाच-सहा ओळखीचे चेहरे. खलनायक नसतो, अडचण असते. कुणी चुकलं तर ते मुद्दाम केलेलं नसतं, गैरसमज झालेला असतो. मोठं माणूस जवळपास असतं आणि हाक मारली की येतं. शेवट खाण्याने, मिठीने किंवा झोपेने होतो. आणि सगळं पुन्हा पुन्हा घडतं.

यातली पहिली गोष्ट, म्हणजे उघडं दार, मला आपल्या जुन्या गोष्टींपेक्षा फार पुढची वाटते. आपण सगळे कोणत्या गोष्टीवर वाढलो? काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काळ्या काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारात भिजत उभा राहतो. चिऊ आतून एकेक काम सांगत त्याला ताटकळत ठेवते. हे ऐकून आम्ही पोरं खदखदून हसायचो. वस्तीतल्या आमच्या घरांनाही शेणाचंच सारवण होतं, तरी आम्ही चिऊच्या बाजूने हसायचो. गोष्ट कुणाच्या खिडकीतून सांगितली जाते, त्यावर हसू ठरतं. ‘ट्रॅश ट्रक’मध्ये अस्वलाला दारात कुणी थांबवत नाही. ही रीत आपल्या कामाची आहे.

दुसरी रीत, पुन्हा पुन्हा. १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या मालिकेचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवत. लहान मूल पुनरावृत्तीने शिकतं, हे तिच्या निर्मात्यांनी नीट हेरलं होतं. पण पुनरावृत्तीने जात पण शिकते, हे आपल्याला त्यांच्याआधी माहीत आहे. कुणी मुलाला बसवून चातुर्वर्ण्य समजावत नाही. रोज वेगळा कप निघतो. रोज बाटली जिन्याखाली परत जाते. पाचव्या दिवशी मुलाला ते पाठ झालेलं असतं. मालिकेत रोज कचरा उचलला जातो आणि उचलणारा रोज दिसत नाही, हेही तसंच पाठ होतं.

तिसरी रीत, खलनायक नसणं. इथे आपल्याकडची उदाहरणं बघण्यासारखी आहेत. २००८ पासून घराघरांत पोचलेल्या ‘छोटा भीम’मध्ये भीमाशी सतत कुरघोडी करणाऱ्या, शेवटी फजिती होणाऱ्या मुलाचं नाव काय? कालिया. मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही, नावानेच काम होतं. त्याच कंपनीने २०१९ मध्ये अगदी लहानांसाठी ‘माइटी लिटल भीम’ काढलं. त्यात संवाद नाहीत, रांगतं-दुडदुडतं बाळ आहे, लाडू आहेत, खोड्या आहेत. शब्द नसल्यामुळे ते जगभर चाललं. भारताबाहेरच्या २ कोटी ७० लाख घरांत ते पाहिलं गेल्याचं नेटफ्लिक्सने त्याच वर्षी सांगितलं होतं. ते पाहताना कुणाचाही द्वेष शिकवला जात नाही, हे मान्य. पण भारतातलं बाळपण म्हणून जगापुढे जे गेलं, त्यात राजाचं गाव, मिठाई आणि लाडावणारी आई आहे. ज्या बाळाची आई पहाटे पाचला त्याला शेजारणीकडे ठेवून झाडू मारायला जाते, ते बाळ त्या गावात कुठे राहतं?

टॉवेल एकच

इथे दोन्हीकडून आक्षेप येतात. तिकडचे म्हणतात, चार वर्षांच्या मुलांना जात कशाला, त्यांचं निरागसपण राहू द्या. आपल्यातले म्हणतात, ही गोडगोड कार्टूनं फसवी आहेत, आपल्या पोरांना खरं जग लवकर कळलं पाहिजे.

पहिल्यांना मी एवढंच सांगेन, की निरागसपण सगळ्यांना सारखं वाटलेलं नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये शाळेतली तहान लिहिली आहे. नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. त्यांना जात कळायला कुणी योग्य वय ठरवून दिलं नव्हतं.

आपल्यातल्यांना मी १९६९ सालची एक गोष्ट सांगेन. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स नावाचा एक माणूस लहान मुलांसाठी कार्यक्रम करायचा, त्याच्या इतकं हळू आणि मऊ टीव्हीवर कुणी बोलत नसेल. त्याच कार्यक्रमातल्या एका बाहुलीवरून २०१२ मध्ये ‘डॅनियल टायगर’ची कार्टून मालिका निघाली. आजच्या मवाळ मालिकांवर या माणसाची मोठी छाप आहे. तर १९६९ च्या मे महिन्यातल्या एका भागात रॉजर्स उकाड्यात प्लॅस्टिकच्या छोट्या टबात पाय सोडून बसलेले असतात. फ्रान्स्वा क्लेमन्स हा काळा कलावंत पोलिसाच्या भूमिकेत येतो. रॉजर्स त्याला पाय बुडवायला बोलावतात. तो म्हणतो, माझ्याकडे टॉवेल नाही. रॉजर्स म्हणतात, माझा घे. दोघांचे पाय एकाच पाण्यात, एकच टॉवेल.

हे कधी? तर त्याच्या पाचच वर्षं आधी, १९६४ मध्ये, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे आणि गोरे आंदोलक मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतलं होतं. आपल्याला हे ऐकून महाड आठवतं. १९२७ साली आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो आणि त्यांनी गोमूत्र-शेणाने तळं ‘शुद्ध’ केलं.

रॉजर्सनी त्या भागात वंशभेदावर एक शब्द उच्चारला नाही. मारहाण दाखवली नाही, कुणाला खलनायक केलं नाही. मवाळ गोष्टीची एकही रीत मोडली नाही. फक्त कोणाचे पाय कोणाच्या पाण्यात आहेत, एवढंच बदललं. माझं म्हणणं या टबापाशी येऊन थांबतं. गोष्ट मवाळ असणं हा दोष नाही. वर्तुळात कोण बसलंय, पाणी कुणाच्या भांड्यातून कोण पितंय, प्रश्न तो आहे. आणि चार वर्षांच्या मुलासाठी हाच जातिअंताचा पहिला धडा असू शकतो, जातीचं नाव न घेता.

आमच्या घरातलं अस्वल

आता माझी कबुली. लेकीने मागे एकदा विचारलं होतं, "आजी काय करायची?" मी म्हटलं, "कामाला जायची." कसल्या कामाला, हे मी गिळलं. शाळेत असताना आमच्यासाठी एक शिष्यवृत्ती होती, तिच्या नावातच ‘अस्वच्छ व्यवसाय’ हे शब्द होते. तो अर्ज सगळ्या वर्गासमोर हातात घेऊन मी ऑफिसपर्यंत चालत गेले होते. त्या पैशांनी माझी वह्या-पुस्तकं झाली, त्या शब्दांनी माझी जीभ बांधली. पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ चालवणारे तेच बाबा. कचरा वेचणाऱ्या बायांना तिथे ओळखपत्र मिळालं, आपण कामगार आहोत हे शब्द मिळाले. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेसोबत काम करू लागली. आई गळ्यातलं ओळखपत्र अभिमानाने पुसायची. लाज तिला नव्हती. लाज पदवीसोबत माझ्याकडे आली होती.

बाटलीच्या त्या दिवशी रात्री लेक म्हणाली, गोष्ट सांग. मी सांगितली. एक आजी होती, तिच्याकडे एक ढकलगाडी होती. आजी रोज सकाळी गल्लीत जायची. एक दिवस तिला कचऱ्यात एक अस्वल सापडलं, त्याला एकच डोळा होता. आजीने ते घरी आणलं, धुतलं, आजोबांच्या जुन्या शर्टाचं बटण काढून दुसरा डोळा शिवला, आणि आपल्या मुलीला दिलं.

यात मी काही रचलेलं नाही. ते अस्वल माझं होतं. आईने तशाच पोत्यातून कुणाचं तरी फाटकं गाइड आणलं होतं, त्यावर मी सातवीचं गणित केलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, की या गोष्टीत मवाळ मालिकेच्या सगळ्या रीती आहेत. छोटं जग आहे, हरवलेली वस्तू आहे, ती दुरुस्त करणारं मोठं माणूस आहे, शेवटी झोप आहे. हा मऊपणा मी कुठून उसना आणला नव्हता. तो आमच्या घरात होता, मी त्याला गोष्ट मानत नव्हते एवढंच.

लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आजी ट्रकची ड्रायव्हर होती?" मी हो म्हटलं.

आपल्या साहित्याने दुःख लिहिलं आणि ते लिहिणं भाग होतं. ‘बलुतं’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’ यांनी आपल्याला उभं केलं. मुलं थोडी मोठी झाली की ‘भीमायन’ आहे, गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चितारलेलं. त्याचा पहिला भागही पाण्याचाच आहे. पण तीन-चार वर्षांच्या लेकराच्या उशाशी काय ठेवायचं, हा प्रश्न आता आपल्या पिढीचा आहे. आपल्या आईबापांना तो पडायला सवड नव्हती. आपल्याला आहे. आपल्यातलं कुणी ॲनिमेशन शिकतंय, कुणी अंगणवाडीचं साहित्य तयार करतंय, कुणी बालवाडीची शिक्षिका आहे, कुणी नुसतंच रात्री लेकराला थोपटतंय. सगळ्यांच्या हातात काहीतरी आहे.

अशी मालिका मला डोळ्यांपुढे दिसते. सकाळी घंटागाडी येते. चालवणाऱ्या मावशीला नाव आहे. तिचं घर दिसतं, तव्यावर भाकरी फुगते, तिची मुलगी दोन वेण्या घालून शाळेत निघते. गल्लीतल्या कुणाची बाहुली चुकून कचऱ्यात जाते आणि ती शोधायला सगळे मिळून लागतात. मावशीला तहान लागते, तिला त्याच पेल्यात पाणी मिळतं ज्यात सगळे पितात. एवढंच. पुन्हा पुन्हा, पाच दिवस, पन्नास दिवस, पाठ होईपर्यंत.

जिन्याखालची ती बाटली मी उचलून टाकली. बौदींनी दुसरी ठेवली, तितक्याच गोड हसून. या वेळी मी बोलले. माझी आई हेच काम करायची, एवढंच वाक्य. त्या गप्प झाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्यात थोडं अवघडलेपण आहे. असू दे. सकाळी शिट्टी वाजली की लेक आता आमच्या घरातला स्टीलचा पेला घेऊन खाली उतरते. पहिले काही दिवस दादांनी ओंजळच पुढे केली. आता पेला हातात घेतात.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही म्हणून. लेकीला मात्र ते पाठ आहे. आता ती जाळीला चिकटून "ट्रक आला" असं ओरडत नाही, त्यांना नावाने हाक मारते.